पत्रा कापायला वीस मिनिटं, बाकी दोन दिवस : व्हॅनला सरकती खिडकी बसवताना

माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते. नुसती चेसिस यायची आणि तिच्यावर बॉडी चढायची, त्या बॉडीच्या खिडक्यांवर त्यांचा हात बसलेला. गेल्या मे महिन्यात ते लीड्सला आमच्याकडे आले तेव्हा दारात पांढरी फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर उभी होती. २०१२ची टी५, आखूड व्हीलबेसची, आधी एका प्लंबरची. मागे दोन्ही बाजूंना नुसता पत्रा. आत भर दुपारी अंधार आणि ओल्या पाइपांचा वास. तिच्यात झोपता-रांधता येईल, फिरताना मुक्काम करता येईल, अशी ती करून घ्यायची होती. मी म्हटलं, "बाबा, इथे खिडक्या करायच्यात, उघडणाऱ्या." त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवून पाहिला आणि विचारलं, "पाणी बाहेर कुठून जाणार?"

मला वाटलं, त्यांना 'आत कुठून येणार' म्हणायचंय. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की काच सरकते म्हणजे फट आहे, आणि फट आहे तिथे पाणी शिरणारच. ते अडवत बसू नये, त्याला वाट करून द्यावी. मी मान डोलावली आणि विसरून गेले. त्याची किंमत पुढे मोजली, ते ओघात येईलच.

मी काही मेकॅनिक नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारी बाई आहे. दोन सरकत्या आणि एक बंद, अशा तीन खिडक्या घरासमोर बसवल्या, तेवढ्यावर हे लिहिते आहे. ज्यांच्याकडे जिगसॉ आहे, एक मदतीचा माणूस आहे आणि पाऊस नसलेले लागोपाठ दोन दिवस आहेत, त्यांना हे जमतं. यॉर्कशरमध्ये शेवटची अट सगळ्यात अवघड.

कुठली खिडकी, कुठे

उघडणाऱ्या खिडक्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक, खऱ्या काचेची, अर्धी बंद अर्धी सरकणारी. ही बाहेरून पत्र्याला चिकटवतात, गाडीच्या पुढच्या काचेसारखीच. ट्रान्सपोर्टर, व्हिवारो, ट्रान्झिट कस्टम अशा मध्यम व्हॅनना, जिथे पत्र्यावर खिडकीचा आकार कारखान्यातच उठवलेला असतो, तिथे हीच बरी. आकार तयार मिळतो, बाहेरून गाडी मूळची खिडकीवालीच वाटते.

दुसरी जात ॲक्रिलिकची, दुहेरी थराची, वरच्या बिजागरीवर बाहेर उघडणारी. कॅरव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, असते ती. बारीक पाऊस असला तरी थोडी उघडी ठेवता येते, थंडीत आतून कमी घाम धरते, आणि बऱ्याच मॉडेलांत आतल्या चौकटीतच पडदा आणि जाळी असते. पण तिला भिंत सपाट लागते आणि जाड लागते. डोमेटिकच्या एस४सारख्या खिडकीची आतली आणि बाहेरची चौकट एकमेकींना स्क्रूने आवळून मधली भिंत पकडतात. ती भिंत साधारण २६ मिलिमीटर धरलेली असते. व्हॅनचा पत्रा मिलिमीटरभरसुद्धा नसतो. म्हणजे भोकाभोवती आतून लाकडाची चौकट करून जाडी भरून काढावी लागते. डुकाटो, स्प्रिंटरसारख्या उंच गाड्यांना ही खटपट परवडते. माझ्या टी५च्या फुगीर अंगाला ती शोभली नसती, बसलीही नसती. ॲक्रिलिकवाल्यांना एवढंच सांगते: ती चौकट आवळून बसते, त्यामुळे तिच्याखाली न सुकणारा मऊ सीलंट घालतात, चिकटवायचा गोंद नाही. आणि ॲक्रिलिक काच साफ करायच्या स्प्रेने पुसू नका, थिनर तर दूरच. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. नाहीतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या जात नाहीत.

आता जागा. एकच खिडकी उघडणारी केली तर हवा खेळत नाही, नुसती आत येऊन घुटमळते. समोरासमोर दोन हव्यात. माझी एक सरकती उजव्या बाजूला, ओट्यावर. दुसरी डाव्या बाजूच्या सरकत्या दारात. उजवीकडेच मागे तिसरी, ती बंद काच. रात्री दोन्हीकडे दोन-दोन बोटं उघडं ठेवलं की सकाळी काचांवरून पाणी गळत नाही. दोन माणसांच्या श्वासाने बंद व्हॅनमध्ये किती ओल धरते, हे एकदा फेब्रुवारीत झोपून पाहिलं की कळतं.

दोन गोष्टी मात्र विकत घेण्याआधी गाडीपाशी उभं राहून तपासा. सरकतं दार उघडलं की ते मागच्या पत्र्यावरून सरकत जातं. त्या मागच्या पत्र्यात बाहेर उघडणारी खिडकी बसवली तर कधीतरी घाईत दार तिच्यावर आदळणार. दुसरं, कुठला अर्धा भाग सरकतो ते बघा. माझी शेगडी ड्रायव्हरच्या सीटच्या मागे लगेच आहे. पुढचा अर्धा भाग उघडणारी काच घेतली असती तर वारा थेट बर्नरवर आला असता. म्हणून मागचा अर्धा भाग उघडणारी घेतली, बेसिनच्या डोक्यावर. डावी आणि उजवी काच एकमेकींच्या जागी चालत नाहीत, हे उघड आहे. तरी ज्यांच्याकडून मी मागवली त्यांनी दोन्ही डाव्याच पाठवल्या. खोका आला त्या दिवशीच उघडून बघा, कापायच्या दिवशी नको.

खोका उघडलाच आहे तर काचेच्या कोपऱ्यातला ठसा वाचा. गोलात 'ई' आणि एक आकडा, आणि जवळ '४३आर' असं हवं. ४३ म्हणजे गाड्यांच्या सुरक्षित काचेचा युरोपीय नियम, आणि 'ई'पुढचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, ११ ब्रिटन. ठसाच नसेल तर ती काच कितीही स्वस्त असो, परत करा. गडद काच चालेल का, असं सगळे विचारतात. ब्रिटनमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या काचा कितीही गडद चालतात. बंधन आहे ते पुढच्या काचांना. मी गडदच घेतल्या. आतून बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरून आमचा पसारा दिसत नाही.

कागदपत्रांचं आत्ताच उरकते. विमा कंपनीला कापण्याआधी कळवा, नंतर नाही. डीव्हीएलए म्हणजे इथली वाहननोंदणी करणारी सरकारी संस्था; तिच्या नोंदीत गाडी 'मोटर कॅरव्हॅन', म्हणजे राहायची गाडी, व्हावी अशी इच्छा असेल तर बाहेरून दिसणाऱ्या ज्या खुणा ते बघतात त्यांत निदान एका बाजूला दोन किंवा जास्त खिडक्या ही एक आहे. माझी तिसरी, बंद खिडकी मुख्यतः त्यासाठी. पण तेवढ्याने भागत नाही. बाजूला कापडी छत (ऑनिंग) लावायचा दांडा, अंगावर कॅरव्हॅनसारखं चित्र, उंच छत असं बाकीचंही बघतात. 'खिडक्यांची व्हॅन' एवढ्यावर बोळवण झालेले पुष्कळ आहेत.

पुण्याहून मावसभाऊ विचारतो, आपल्याकडे ईकोला असं करता येईल का? हाताला जमेल रे, कायद्याला जमणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तिथे आधी आरटीओत विचारा आणि मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडूनच करून घ्या. पुढचं सगळं इथल्या, ब्रिटनमधल्या कामाचं आहे.

आतून बघा, मग कापा

आतली प्लायवूडची फळी काढली की पत्र्याची खरी रचना दिसते. बाहेरचा पातळ पत्रा, आणि आत त्याला खिडकीच्या आकाराची दणकट चौकट. चौकटीच्या मधोमध एक उभी पट्टी, बाहेरच्या पत्र्याला काळ्या मऊ गोळ्यांनी चिकटवलेली. ती पत्रा धडधडू नये म्हणून असते. कारखान्यातून खिडकी लागूनच येणाऱ्या गाडीत तिथे काच असते, ही पट्टी नसते. बाबांनी ती हाताने हलवून पाहिली आणि म्हणाले, "ही शोभेची नाही, पण भाराचीही नाही." ती वर-खाली कापून काढायची. ग्राइंडर वापरू नका. ठिणग्या पत्र्याच्या रंगात आणि शेजारच्या काचेत रुततात. आम्ही साध्या हॅकसॉच्या पात्याने कापली, दहा मिनिटं गेली आणि हात भरून आले. वायर कुठे जाते तेही आत्ताच बघून बाजूला बांधून टाका.

आता सगळ्यात मोठी चूक कुठली, ते सांगते. नवी काच पत्र्यावर ठेवून, तिच्याभोवती पेन्सिल फिरवून तेवढं भोक पाडायचं. झालं, गाडी गेली. काच भोकापेक्षा मोठी असते. चारी बाजूंनी जी दोन-अडीच सेंटिमीटरची कड पत्र्यावर टेकते, तिच्यावरच गोंद बसतो. भोकाचं माप काचेवरून घ्यायचंच नाही. ते आतल्या चौकटीवरून घ्यायचं.

चौकटीच्या आतल्या कडेला लागून, चारी कोपऱ्यांत, आतून बाहेर भोकं पाडा. आधी ३ मिलिमीटरचं, मग जिगसॉचं पातं शिरेल एवढं, १० किंवा १२चं. सरळ कडांवरही मधूनमधून ३चं एकेक भोक पाडलं तर बरं. मग बाहेर या, सगळ्या भागावर रुंद मास्किंग टेप लावा आणि भोकं जोडत त्याच्यावर रेघ ओढा. रेघ ओढून झाल्यावर काच बाहेरून धरून बघा. रेघ सगळीकडे काचेच्या आत, निदान दोन सेंटिमीटर आहे ना? मग ठीक.

कापण्याआधीची तयारी कापण्यापेक्षा महत्त्वाची आहे, आणि मी पहिल्या खिडकीला तीच कमी केली. खाली पत्र्याच्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आत जमिनीवर प्लास्टिक पसरा आणि ते खिडकीच्या खालच्या कडेला टेपने चिकटवून झोळी करा. बाहेरही, खिडकीखालचा सगळा रंग झाका, पार चाकापर्यंत. मी बाहेरचं झाकलं नाही. लोखंडाचा कीस इतका बारीक उडतो की दिसत नाही. काम संपल्यावर पाण्याने धुतलं, छान दिसलं, झोपलो. पुढच्या शनिवारी पांढऱ्या रंगावर तांबडे ठिपके, गाडीला गोवर आल्यासारखे. गाडीच्या रंगावरचे लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे मिळतो, मारला की जांभळे ओघळ येतात. तो तीनदा मारून, चोळून, दिवसभर घालवून ठिपके गेले. बाबा खुर्ची टाकून बसले होते. काही बोलले नाहीत, हे विशेष.

जिगसॉला धातूचं, बारीक दात्यांचं पातं लावा. पुढे-मागे झुलण्याचं बटण बंद करा, नाहीतर पत्रा फाटल्यासारखा कापला जातो. जिगसॉच्या तळालाही टेप लावा, रंगावर ओरखडे येत नाहीत. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. पत्र्याच्या डब्याच्या आत तो आवाज माणसाला बधिर करतो. आधी खालची कड, मग दोन्ही उभ्या, वरची शेवटी. जसजसं कापत जाल तसतसं कापलेल्या भागावर आडव्या टेपच्या पट्ट्या मारत जा, म्हणजे शेवटी तुकडा लोंबकळून रंगाला खरवडत नाही. आत कोणीतरी जाड हातमोजे घालून पत्रा तळव्याने दाबून धरावा. थरथर निम्मी होते. माझ्याकडे आत नवरा होता. तो म्हणतो, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा इतकं वाईट वाटत नाही.

पहिल्यांदा पातं पत्र्यात शिरतं तेव्हा पोटात गोळा येतो. चांगली चालती गाडी, आणि आपण तिला भोक पाडतोय. पण एक कड झाली की भीती जाते. एका खिडकीला वीस मिनिटं पुरतात.

कड, गंज आणि रंग

कापलेली कड म्हणजे उघडं लोखंड. कानसीने ती गुळगुळीत करा, बोट फिरवलं तर अडकू नये इतकी. मग सगळा कीस व्हॅक्यूमने ओढा, चुंबक फिरवा, पुन्हा व्हॅक्यूम. बोळे काढताना हळू काढा. कीस त्यांच्यावरच साठलेला असतो. त्यानंतर गंजरोधक प्रायमर, तो वाळला की रंगाचे दोन हात. मी स्प्रे वापरला नाही, डबीतल्या रंगाने बारीक ब्रशने केलं, आणि त्याला कारण आहे. काचेचा गोंद जिथे बसणार आहे त्या पट्ट्यावर कारखान्याचा भाजलेला रंगच असायला हवा. आपण मारलेला कच्चा रंग त्या पट्ट्यावर गेला तर गोंद त्या रंगाला घट्ट धरतो आणि रंगच पत्र्यावरून सोलून येतो. रंग फक्त कडेला, आत-बाहेर दोन-तीन मिलिमीटर. मग रात्रभर वाळू द्या. ही रात्र चुकवू नका. पहिल्या दिवशी कापणं आणि रंग, दुसऱ्या दिवशी काच, हाच क्रम.

सकाळी कडेवर रबराची बीडिंग चढवा. आतली चौकट आणि बाहेरचा पत्रा दोन्ही मिळून ती पकडते. कोपऱ्यांत लाकडी हातोडीने हलके ठोकत जा. काच लागल्यावर ही बीडिंग आतून दिसते आणि कापलेली कड झाकते. आमची जिगसॉ एका कोपऱ्यात जरा भरकटली होती, तो कोपरा आता कोणालाच माहीत नाही.

चिकटवणं

आधी गोंदाशिवाय काच लावून बघा. चारी बाजूंना सारखी फट येईल अशी जागा ठरवा, मग अर्धी काचेवर आणि अर्धी पत्र्यावर येतील अशा टेपच्या चार-पाच पट्ट्या मारा आणि फटीच्या रेषेत त्या ब्लेडने कापा. काच काढलीत तरी टेपचे तुकडे दोन्हीकडे राहतात. गोंद लावल्यावर हे तुकडे जुळवले की काच बरोबर जागी. ही युक्ती बाबांची नाही, शेजारच्या आजोबांची. ते चहाचा मग घेऊन बघायला आले होते.

गोंद म्हणजे पॉलियुरेथेनचा, गाडीच्या काचा चिकटवायचा. सिकाफ्लेक्स वगैरे नावांनी मिळतो. साधा सिलिकॉन अजिबात नको. त्याच कंपनीचं सफाईचं द्रावण आणि प्रायमरही घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचं मिसळू नका. ३०० मिलिलिटरच्या दोन नळ्या प्रत्येक खिडकीसाठी जवळ ठेवा. एक-सव्वा लागते, पण अर्ध्यात नळी संपून दुकानात पळायची वेळ आली तर तोवर लावलेल्या गोंदावर साय धरते. नळ्या आदल्या रात्री घरात उबेला ठेवा. थंड गोंद हाताच्या बंदुकीतून निघता निघत नाही आणि रेघ नागमोडी येते.

काचेची काळी कड आणि पत्र्याचा पट्टा दोन्ही पुसा. एका फडक्याने लावा, दुसऱ्या कोरड्याने पुसा, फडकं दरवेळी नवीन. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. प्रायमर लावला की डबीवर लिहिलाय तेवढा वेळ थांबा. काचेची ती काळी कड नुसती शोभेची नसते, बरं का. उन्हाने हा गोंद कुजतो, आणि ती कड त्याला सावली देते. म्हणून गोंद त्या कडेच्या आतच राहिला पाहिजे.

नळीचं तोंड त्रिकोणी खाचेचं कापा, साधारण ८ मिलिमीटर रुंद आणि १२ उंच. म्हणजे गोंदाची रेघ देवळाच्या शिखरासारखी उभी राहते, आणि काच टेकली की ती दबून सगळीकडे सारखी पसरते. काचेवर, एका दमात, न तुटता. सुरुवात आणि शेवट कोपऱ्यात नको; उभ्या कडेच्या मध्यावर जुळवा आणि तिथे जरा चढती जाऊ द्या. हातमोजे घाला, जागा हवेशीर ठेवा. हा गोंद कातडीवर बसला की झिजूनच जातो. खोबरेल तेल, लिंबू, पॅराफिनच्या नावाने इथे मिळतं ते रॉकेल, मी सगळं करून पाहिलं आहे. ऑफिसात आठवडाभर काळी नखं घेऊन बसले होते.

काच उचलायला सक्शनचे दोन हँडल घ्या, आणि दोन माणसं. सरकता भाग बंद करून, कडी लावून ठेवा, म्हणजे चौकट वाकत नाही. खालची कड आधी टेकवा, टेप जुळवा, मग वर ढकला. तळव्यांनी सगळीकडे सारखं दाबा, पण कणकेसारखं नाही. गोंदाची जाडी तीन-चार मिलिमीटर तरी राहायला हवी. मग भरपूर टेप, वरून खाली, काच घसरू नये म्हणून.

आणि गाडीचं एक पुढचं दार उघडं ठेवा. सगळं बंद असताना कोणी दार आपटलं तर आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते. आमच्या मुलाने तेच केलं. नशिबाने टेप भरपूर होती.

बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसू नका, सगळीकडे माखतो. दुसऱ्या दिवशी रबरासारखा झाला की ब्लेडने कापून काढा. हा गोंद हवेतल्या ओलीने पिकतो, बाहेरून आत, दिवसाला तीन-चार मिलिमीटर. म्हणून दमट हवा वाईट नाही, थंडी वाईट. निदान २४ तास गाडी हलवायची नाही.

पाण्याची परीक्षा

दोन दिवसांनी बागेची नळी घेतली. प्रेशर वॉशर नाही, साधी नळी. बाबांनी आत खिडकीच्या खालच्या कडेला आणि कोपऱ्यांना टाल्कम पावडर भुरभुरवली; पाण्याचा थेंब आला तर पावडरीत त्याचा माग उमटतो. पाणी खालून सुरू करायचं. खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

दाराची खिडकी कोरडी. मागची बंद काच कोरडी. ओट्यावरची खिडकी खाली कोरडी, बाजूंना कोरडी, वरून पाणी सोडलं आणि मिनिटभरात आतल्या बाजूने, सरकत्या काचेच्या खालच्या खाचेतून पाणी भरून ओट्यावर सांडलं.

मला वाटलं, गोंद गेला. सगळं उचकटावं लागणार. बाबा बाहेर आले, गुडघ्यावर हात ठेवून खिडकीच्या खालच्या कडेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही काळी रेघ कोणी ओढली?"

मीच ओढली होती. आदल्या दिवशी ते झोपलेले असताना, काच आणि पत्र्याची खालची फट छान दिसावी म्हणून बाहेरून सीलंटची सुबक रेघ ओढून बोटाने गुळगुळीत केली होती. सरकत्या काचेची खालची खाच म्हणजे पन्हळ. पावसाचं पाणी तिच्यात जमतंच, आणि चौकटीच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. त्या तिन्ही भोकांवर माझी सुबक रेघ बसली होती. एसटीच्या ॲल्युमिनियमच्या खिडकीलाही अशीच भोकं असतात, आणि रंगकाम झालं की ती रंगाने बुजायची, मग पहिल्या पावसात ड्रायव्हर गाडी परत घेऊन यायचा, असं ते सांगत होते. सांगत सांगत खिशातल्या चाकूने रेघ कापत होते. भोकं मोकळी झाली, खाचेतलं पाणी तीन धारांनी खाली आलं आणि ओटा कोरडा राहिला.

म्हणून: खिडकी हातात आल्यावर पहिल्यांदा ती भोकं शोधा. ती खाली येतात ना, बघा. काच उलटी लावलेली लोकं आहेत. टेप मारताना, रंगवताना, सीलंट लावताना त्यांना हात लावू नका. त्या बाजूची खालची फट दिसायला कशीही दिसो, तशीच राहू द्या.

आतली फळी परत लावण्याआधी आणखी एक पाऊस पडू द्यावा. चौकटीभोवतीच्या पोकळ्यांत उबेसाठी लोकर भरायची तर तळाशी पाणी निघायच्या जागा मोकळ्या ठेवून भरा.

जाळीचं राहिलं. सरकत्या काचेला जाळी येत नाही, आणि स्कॉटलंडचे मिजेस, म्हणजे चिलटांएवढे चावरे किडे, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना डास म्हणजे काय हे कळलेलं नाही. मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून कडेला चुंबकाची चपटी पट्टी शिवली. पत्र्याला आपोआप चिकटते. मिजेससाठी मच्छरदाणीची जाळी मोठी पडते हे ग्लेन्कोला पहिल्याच संध्याकाळी समजलं. अगदी बारीक विणीची घ्या. आणि शेगडी पेटवताना खिडकी उघडी असली तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असू द्या, जमिनीलगतचं हवेचं भोकही बंद करू नका.

बाबा ऑक्टोबरात परत गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या झाडूतून एक हीर काढली, टोक घासून बोथट केलं आणि व्हॅनच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. सरकत्या खाचेत वाळू, पानं, शेवाळ जमतं. दर दोन महिन्यांनी, आणि समुद्राकाठी मुक्काम झाला तर लगेच, ती भोकांतून फिरवायची. तार वापरायची नाही, चौकटीचा रंग खरवडतो. प्रत्येक सरकत्या खिडकीला भोकं तीन, म्हणजे एकूण सहा. ते फोनवर आकडा विचारतात.